प्रकाशही ताणला जातो, मग मोजायचे कशाने?

बाई, आपल्या बारावीच्या वर्गातील एका मुलाने विचारलेला जो प्रश्न आपण मला कळवलात, तो आधी इथे मांडतो. गुरुत्वीय लहर आली की अवकाशच ताणले जाते, असे आपण शिकवता. अवकाश ताणले गेले तर त्यातून जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही त्याच प्रमाणात ताणली जायला हवी. मग कापडाबरोबर पट्टीही ताणली जात असेल, तर कापड वाढल्याचे इंटरफेरोमीटरला, म्हणजे प्रकाशाचे दोन झोत ताडून लांबीतला फरक टिपणाऱ्या यंत्राला, कळते कसे? याला जोडून आपले स्वतःचे तीन प्रश्न आहेत. आरशातला प्रत्येक अणू प्रोटॉनच्या सुमारे लाखपट मोठा असताना प्रोटॉनच्या अंशाएवढी हालचाल मोजली, असे म्हणण्याला अर्थ काय? ती हालचाल रस्त्याने गेलेल्या ट्रकची नव्हती, हे कशाच्या बळावर सांगायचे? आणि यातले काही शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल का?

मी इंदुरात लेसर आणि इंटरफेरोमीटर यांच्या संगतीत तीसएक वर्षे काढली. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या गटात मी कधी नव्हतो, पण त्यांच्या यंत्रात जे चार किलोमीटरवर घडते, त्याची लहान भावंडे माझ्या टेबलावर रोज घडत असत, त्यामुळे उत्तर यंत्राच्या बाजूने देतो. त्या मुलाला मात्र माझ्यातर्फे शाबासकी द्यावी. हीच शंका भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसांनीही मला विचारली आहे, आणि पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही नीट उत्तर देता आले नव्हते.

इंटरफेरोमीटरची रचना आपल्याला ठाऊकच आहे. लेसरचा झोत एका अर्धपारदर्शक आरशावर दुभंगतो, त्याचे दोन भाग एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन भुजांमध्ये जातात, टोकाच्या आरशांवरून परततात आणि पुन्हा एकत्र येतात. अमेरिकेतील हॅनफर्ड (वॉशिंग्टन राज्य) आणि लिव्हिंग्स्टन (लुइझियाना) येथील, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या यंत्रांमध्ये प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची आहे. दोन्ही झोत परतताना एकाचे शीर्ष दुसऱ्याच्या दरीवर पडेल अशी योजना केलेली असते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या वाटेवर जवळजवळ अंधार असतो. गुरुत्वीय लहर वरून आली तर एक भुजा किंचित लांबते आणि दुसरी आखूड होते, अर्ध्या आवर्तनानंतर उलट होते, आणि त्या अंधाराच्या जागी थोडा उजेड येतो.

आता शंकेकडे वळू. अडचण ‘पट्टी’ या शब्दात आहे. इंटरफेरोमीटर लांबी पट्टीने मोजत नाही, तो दोन प्रवासांना लागलेल्या वेळांची तुलना करतो. समजा राजवाड्यापासून दोन सरळ, सारख्या लांबीचे रस्ते निघतात, आणि दोन्ही रस्त्यांवर दर मिनिटाला एकेक माणूस पाठवला जातो. सर्वांची चाल अगदी एकसारखी आहे, टोकाला हात लावून परत यायचे आहे. एकाच मिनिटाला निघालेले दोघे जोडीदार एकाच वेळी परततात. आता यातला एक रस्ता एकाएकी ताणला गेला. त्या क्षणी रस्त्यावर असलेल्या माणसांमधले अंतर वाढेल, आणि इथवर आपला विद्यार्थी पूर्णपणे बरोबर आहे. पण त्या माणसांची चाल वाढलेली नाही, म्हणून ती उशिरा पोचतील. आणि त्यानंतर राजवाड्यावरून निघणारी माणसे घड्याळ पाहूनच निघतात. त्यांच्यातले अंतर पूर्वीइतकेच असते, फक्त त्यांच्या वाट्याला आता लांबचा रस्ता आलेला असतो, आणि तीही आपल्या जोडीदाराच्या मागे पडतात. इथे माणसे म्हणजे प्रकाशलहरींची शीर्षे, घड्याळ म्हणजे लेसर, आणि चाल म्हणजे प्रकाशाचा वेग, जो लहर आली म्हणून बदलत नाही. ताणलेली तरंगलांबी घेऊन फिरणारा प्रकाश भुजेत टिकून राहत नाही. तो निघून जातो आणि त्याची जागा नवा प्रकाश घेतो, ज्याची तरंगलांबी लेसरने ठरवलेली असते.

आकडे घातले की हे अधिक स्पष्ट होते. ४ किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे २७ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला १०० आवर्तने करणाऱ्या गुरुत्वीय लहरीला एक आवर्तन पुरे करायला १०,००० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे प्रकाशाच्या एका फेरीत भुजा जवळजवळ जशीच्या तशी उभी असते, आणि वाटेतल्या वाटेत प्रकाश ताणला जाण्याला फारसा अवसरच मिळत नाही. मुलाच्या शंकेच्या शेजारचा एक परिणाम मात्र खरोखर आढळतो. लहरीची वारंवारता वाढवत नेली, तर एक वेळ अशी येते की प्रकाशाची एक फेरी आणि लहरीचे एक आवर्तन यांना सारखाच वेळ लागतो. ४ किलोमीटरच्या भुजेसाठी ही वारंवारता सेकंदाला सुमारे ३७,५०० आवर्तने एवढी येते. तिथे जाताना पडलेला उशीर येताना भरून निघतो आणि सरळ वरून येणाऱ्या लहरीला यंत्र आंधळे होते. अवकाशात उभारायच्या लिसा या वेधशाळेत भुजा २५ लाख किलोमीटरच्या असणार आहेत, प्रकाशाला एका दिशेनेच ८ सेकंदांहून अधिक लागतील, म्हणून ती वेधशाळा ज्यांचे एक आवर्तन काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालते अशा संथ लहरींसाठी आखली आहे. भुजेची लांबी आणि लहरीचा संथपणा यांची अशी सांगड घालावी लागते, ती याच कारणाने.

दुसरा प्रश्न अणूंचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटे झाली होती तेव्हा, जी पहिली लहर नोंदली गेली, तिचा सर्वांत मोठा ताण, म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी, सुमारे एक भागिले ‘एकावर २१ शून्ये’ एवढा होता. ४ किलोमीटरला त्याने गुणले की येणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा भरतो. ही संख्या वर्गात सांगितली की मुले एक तर भारावतात किंवा विश्वास ठेवत नाहीत. माझ्या मते विश्वास न ठेवणारी मुले अधिक कामाची, कारण त्यांना पुढचे सांगता येते.

बिलावली तलावाच्या काठी उभे राहून पाहिले तर वाऱ्याने उठलेल्या लाटा वीतभर उंच असतात, तरीही तलावाची पातळी काल रात्रीपेक्षा दोन मिलिमीटरने उतरली, हे विधान निरर्थक ठरत नाही. पातळी ही एका लाटेची नसते, साऱ्या पृष्ठभागाच्या सरासरीची असते. लायगोच्या आरशावर पडणाऱ्या झोताची त्रिज्या सुमारे ६ सेंटीमीटर आहे. एवढ्या क्षेत्रात पृष्ठभागावरचे अणू मोजले तर ती संख्या एकावर १७ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येच्या घरात जाते. प्रकाश त्या साऱ्यांची मिळून एकच जागा वाचतो. अणूंची वैयक्तिक थरथर शिवाय फार वेगवान असते, सेकंदाला लाखो कोटी वेळा, आणि यंत्र ऐकते ते साधारण १० ते काही हजार आवर्तनांच्या पट्ट्यात.

तरीही उष्णतेचा उपद्रव पूर्णपणे जात नाही, आणि इथे खरी कारागिरी सुरू होते. इंदूरच्या घराण्याचे गाणे ऐकत वाढलेल्या माणसाला तंबोऱ्याचा दाखला सुचला तर नवल नाही. चांगल्या तंबोऱ्याची तार छेडली की सारी ऊर्जा तिच्या स्वतःच्या स्वरात राहते आणि तो स्वर खूप वेळ रेंगाळतो. ढिल्या, गंजक्या तारेतून मात्र एका स्वराऐवजी खरखर निघते. उष्णतेची ऊर्जा आरशाला आणि त्याला टांगणाऱ्या दोऱ्यांना मिळणारच, ती टाळता येत नाही. पण पदार्थ असा निवडता येतो की ती ऊर्जा काही मोजक्या स्वरांत कोंडून राहील आणि मधला पट्टा शांत राहील. म्हणून ४० किलो वजनाचा, ३४ सेंटीमीटर व्यासाचा अतिशुद्ध सिलिकाचा आरसा पोलादी तारेवर न टांगता सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या सिलिकाच्याच तंतूंवर टांगतात. त्या तंतूंचा स्वर सेकंदाला सुमारे ५०० आवर्तनांवर येतो. तो नोंदीत सुईसारखा उभा दिसतो आणि बाजूला काढता येतो. आरशावरच्या परावर्तक थराने मात्र अजून पुरता ताल धरलेला नाही. तो थर काही मायक्रॉनांचाच असतो, पण मधल्या वारंवारतांवर सर्वांत त्रासदायक ठरणाऱ्या खरखरीत त्याचा वाटा मोठा आहे, आणि जगभरात आज कित्येक प्रयोगशाळा केवळ त्याच्या मागे लागल्या आहेत.

अणूंइतकाच प्रकाशही कणांचा बनलेला असतो आणि कण मोजताना चूक होते, हा पुढचा अडथळा. पावसाचे थेंब पत्र्यावर पडताना एका सेकंदात नेमके तेवढेच पडत नाहीत, कमीजास्त होतात. सरासरी १०० थेंब असतील तर दहाएकांचा फरक पडतो, १०,००० असतील तर शंभराचा. म्हणजे संख्या वाढवली की फरकाचे प्रमाण घटते. पहिल्या शोधाच्या वेळी लेसरमधून सुमारे २० वॅट शक्ती यंत्रात सोडली जात होती, परतणारा प्रकाश पुन्हा आत ढकलणाऱ्या आरशामुळे झोत दुभंगणाऱ्या आरशावर ती ७०० वॅट होत होती, आणि भुजांमध्ये पुन्हा पुन्हा फिरून प्रत्येकीत १०० किलोवॅटवर पोचत होती. या फिरण्यामुळे लहरीचा परिणाम सुमारे ३०० पट वाढतो. ढोबळ हिशेब वर्गातही करता येईल. ७०० वॅटच्या अवरक्त झोतात सेकंदाच्या शंभराव्या भागात इतके प्रकाशकण असतात की त्या संख्येचे वर्गमूळ ६०० कोटींच्या आसपास येते. लेसरची तरंगलांबी साधारण १ मायक्रॉन. तिला ६ ने (ढोबळमानाने २π ने) भागावे, मग ६०० कोटींनी, मग ३०० ने. उरते ती अनिश्चितता, आणि जी हालचाल मोजायची आहे ती तिच्या चाळीसएक पट निघते. प्रोटॉनच्या अंशाची गोष्ट इथे चमत्काराच्या यादीतून निघून वर्गमूळाच्या पाढ्यात येते. माझा आवडता मुद्दा हाच आहे.

मग प्रकाश वाढवतच का जात नाहीत? कारण प्रकाश ढकलतो. १०० किलोवॅटचा झोत आरशावर जो दाब देतो, तो तांदळाच्या तीन दाण्यांच्या वजनाइतका असतो. दाब स्थिर असता तर हरकत नव्हती, पण कणांची संख्या कमीजास्त होते तसा तोही थरथरतो आणि संथ वारंवारतांवर आरसा हलवतो. प्रकाश वाढवला की वरच्या वारंवारतांवर फायदा होतो आणि खालच्यांवर तोटा. यातून वाट काढण्यासाठी २०१९ पासून यंत्रात ‘दाबलेला’ प्रकाश सोडतात, ज्यात अनिश्चितता एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूने फुगू दिलेली असते, आणि २०२३ पासून ३०० मीटर लांबीची एक जादा पोकळी वापरून हे दाबणे वारंवारतेनुसार फिरवले जाते, म्हणजे वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना आराम पडतो.

आता ट्रकचा प्रश्न. माझ्या अनुभवात या विषयाचा तीन चतुर्थांश भाग हाच आहे. लहर मोजायला लागणारे भौतिकशास्त्र एखाद्या प्रकरणात संपते, पण काय लहर नाही हे ओळखायला आयुष्य पुरत नाही. १९६९ मध्ये जोसेफ वेबर यांनी अॅल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांनी गुरुत्वीय लहरी पकडल्याचा दावा केला आणि तो इतर कोणालाही पडताळता आला नाही. इंटरफेरोमीटर वापरण्याची कल्पना गर्त्सेनश्टाइन आणि पुस्तोवोइत या दोन रशियन शास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच मांडली होती. पण १९७२ मध्ये रायनर वाइस यांनी जो अहवाल लिहिला, त्याचे मोल वेगळे आहे. त्यांनी यंत्र सुचवून न थांबता, त्याला कोणकोणत्या गोष्टी फसवतील आणि प्रत्येकीचा उपद्रव किती असेल, याचा हिशेब मांडला. पुढच्या चार दशकांचे काम बहुतांशी त्या हिशेबावर चालले. २०१७ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा वाइस यांना, आणि उरलेला अर्धा बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना मिळाला.

या उपद्रवांची जात कशी असते, ते माझ्या एका फजितीवरून सांगतो. ज्या प्रयोगशाळेत मी तेव्हा होतो, तिथे एका लहान इंटरफेरोमीटरच्या नोंदीत सेकंदाला बरोबर १०० आवर्तनांवर एक उंच सुई दिसू लागली. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची, तेव्हा दोष वीजपुरवठ्यात असणार हे उघड होते, आणि मी तीन आठवडे तारा, अर्थिंग आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मागे घालवले. एकदा रात्री उशिरा चौकीदाराने व्हरांड्यातली ट्यूबलाइट बंद केली आणि पडद्यावरची सुई डोळ्यांदेखत खाली बसली. दाराच्या फटीतून येणारा उजेड टेबलावरच्या एका चकचकीत स्क्रूवर पडून तिथून प्रकाशसंवेदकात शिरत होता, आणि ट्यूबलाइट प्रत्येक आवर्तनात दोनदा लुकलुकत असल्याने ती बरोबर १०० वर दिसत होती. स्क्रूवर काळी चिकटपट्टी लावली, चार रुपयांत काम झाले. भटका प्रकाश हा लायगोचाही जुना शत्रू आहे. त्यांच्या निर्वात नळ्यांमध्ये जागोजागी अडसर बसवले आहेत ते याचसाठी.

जमिनीच्या हादऱ्यांपासून बचावाचे मूळ तत्त्व मात्र आपण वर्गात एका मिनिटात दाखवू शकता. किल्ल्यांचा जुडगा हातभर दोऱ्याला बांधून लोंबता धरावा. हात सावकाश हलवला तर जुडगा हाताबरोबर जातो. हात भरभर हलवला तर हात हलतो आणि जुडगा जागच्या जागी राहतो. लंबकाच्या स्वतःच्या वारंवारतेच्या दहापट वेगाने हादरा दिला तर तो सुमारे शंभरपटीने कमी होऊन खाली पोचतो. एका लंबकाखाली दुसरा, असे चार टांगले की हे कमी होणे चार वेळा गुणले जाते. लायगोचा आरसा अशा चौपदरी लंबकाच्या तळाशी लोंबतो, आणि तो लंबक ज्या मंचावर असतो, तो मंचही हादरे मोजून उलट दिशेने स्वतःला सावरत असतो. तरीही एक गोष्ट अडवता येत नाही. जमिनीतून लाटा जातात तेव्हा माती दाटते आणि विरळ होते, आणि तिचे गुरुत्वाकर्षण आरशाला थेट खेचते. गुरुत्वाकर्षणापासून वाचवणारा पडदा नसतो. १० आवर्तनांच्या खाली जमिनीवरची यंत्रे हतबल होतात, त्यात याचा मोठा हात आहे.

एवढे करूनही काही ना काही आत शिरतेच. म्हणून यंत्राच्या अवतीभवती भूकंपमापक, ध्वनिग्राहक, चुंबकमापक, तापमापक यांची पलटण असते आणि एक लाखाहून अधिक वाहिन्यांवर नोंदी चाललेल्या असतात. हॅनफर्डला एकदा नोंदीत विचित्र टकटक येऊ लागली. माग काढला तेव्हा द्रव नायट्रोजनच्या टाकीला जोडलेल्या नळीवर साचलेले हिम टोचणारे डोमकावळे सापडले, आणि नळीवर चोचींच्या खुणाही मिळाल्या. ट्रक, रेल्वेगाडी, वीज कडाडणे, समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावर केलेली धडधड, या साऱ्यांची आपापली सही असते आणि ती त्या वाहिन्यांवर आधी उमटते.

ज्याची सही कुठेच सापडत नाही, त्यासाठी दुसरे यंत्र. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांच्यात सुमारे ३,००० किलोमीटर अंतर आहे, आणि गुरुत्वीय लहर प्रकाशाच्या वेगाने जात असल्याने दोन्हीकडे ती १० मिलिसेकंदांच्या आत पोचलीच पाहिजे. पहिली लहर लिव्हिंग्स्टनला आली आणि त्यानंतर ६.९ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. लुइझियानातला ट्रक वॉशिंग्टन राज्यातले यंत्र हलवत नाही. पण दोन वेगळे योगायोग एकाच वेळी घडू शकतात, अशी शंका कोणीही घेईल, आणि तिचे उत्तर मला या साऱ्या कामातले सर्वांत सुंदर वाटते. एका यंत्राची नोंद मुद्दाम १० मिलिसेकंदांहून अधिक वेळाने मागेपुढे सरकवायची, म्हणजे आता जुळणारी कोणतीही जोडी खरी लहर असूच शकत नाही. मग अशा खोट्या नोंदीत किती जोड्या जुळतात ते मोजायचे. सरकवण्याचे अंतर बदलत हेच पुन्हा पुन्हा करायचे. १६ दिवसांच्या नोंदीतून अशा रीतीने लाखो वर्षांची निव्वळ योगायोगांची नोंद तयार करता येते. तीत पहिल्या लहरीइतकी ठळक जोडी एकदाही जुळली नाही, आणि त्यावरून असा योगायोग २,०३,००० वर्षांतून एकदाही क्वचितच घडेल, असा निष्कर्ष निघाला. ट्रक नव्हता, हे म्हणण्याला आधार आहे तो हा.

त्यावर आणखी एक चाळणी असते ती लहरीच्या आकाराची. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येताना लहरीचा स्वर चढत जातो, आणि तो नेमका कसा चढेल ते सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांतून आधीच काढता येते. अशा अडीच लाख अपेक्षित नमुन्यांशी नोंद पडताळली गेली होती. गोंगाटात बुडालेला ओळखीचा आकार शोधण्याच्या या पद्धतीत पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांच्याबरोबर बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास केलेले काम पायाभूत मानले जाते, आणि विलीन झालेले कृष्णविवर घंटेसारखे कसे निनादत शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवले होते. पहिल्या लहरीचा स्वर ०.२ सेकंदात ३५ पासून २५० आवर्तनांपर्यंत चढला. लहरीचा स्वर १५० वर असताना ती वस्तूंची जोडी सेकंदाला ७५ प्रदक्षिणा करत होती, म्हणजे दोघींमध्ये सुमारे ३५० किलोमीटरच अंतर होते. इंदूर ते बुरहाणपूर या अंतराच्या सुमारे दुप्पट एवढ्याच जागेत सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमान न आदळता फिरत असेल, तर कृष्णविवरांखेरीज दुसरे काही तिथे मावत नाही.

१७ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट याच्या अगदी उलट, म्हणून तीही सांगितली पाहिजे. त्या संध्याकाळी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीन होण्याची लहर सुमारे १०० सेकंद ऐकू येत होती, पण नेमक्या शेवटच्या क्षणांत लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात एक मोठा फटाका फुटावा तसा गोंगाट झाला आणि स्वयंचलित व्यवस्थेने ती नोंद बाजूला टाकली. माणसांनी डोळ्यांनी पाहिले तेव्हा गोंगाटाच्या आरपार चढत जाणारी रेषा स्पष्ट दिसत होती. विलीन झाल्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला होता. इटलीतील व्हर्गो या तिसऱ्या यंत्रामुळे आकाशातली जागा २८ चौरस अंशांपर्यंत आखता आली आणि ते तारे ज्या दीर्घिकेत होते ती दुर्बिणींना त्याच रात्री सापडली. दोनच यंत्रे असताना पहिल्या लहरीची जागा सुमारे ६०० चौरस अंशांत पसरलेली होती. तीत पौर्णिमेचे जवळजवळ तीन हजार चंद्र मावतील.

भारतात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ यंत्र उभारायचे कारण या शेवटच्या आकड्यांत आहे. अमेरिका आणि युरोपपासून इतके दूर असलेले यंत्र आकाशातली जागा आणखी आवळते. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. ज्या चार संस्थांवर तो सोपवला आहे, त्यांत आपले इंदूरचे कॅट, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आहे. लेसर हा तिथला जुना विषय. कॅट रोडने रोज शाळेत जाणाऱ्या मुलांना हे ठाऊक असावे, एवढेच म्हणतो.

राहिला शाळेतला प्रयोग. तो जरूर करावा. ओट्यासाठी कापलेल्या ग्रॅनाइटचा दोन फुटी तुकडा दगडवाल्याकडे स्वस्तात मिळतो. तो स्कूटरच्या अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवावा, म्हणजे वर्गातल्या पावलांचा त्रास बराच कमी होतो. लाल लेसर पॉइंटर, एक अर्धपारदर्शक आरसा, समोरच्या पृष्ठभागावर परावर्तन होणारे दोन आरसे आणि झोत पसरवायला एक लहान भिंग, एवढे पुरे. साध्या पॉइंटरचा प्रकाश फार लांबपर्यंत सुसंगत राहत नाही, म्हणून दोन्ही भुजा मिलिमीटरभराच्या फरकाने सारख्या ठेवाव्यात, नाहीतर पट्टे दिसणारच नाहीत आणि दोष आरशांवर जाईल. झोतात कोणी डोकावू नये, भिंतीवरच पाहावे. पट्टे मिळाले की एखाद्या मुलाला आरशाच्या पोलादी खांबाशेजारी नुसता तळहात धरायला सांगावे. ३० सेंटीमीटर पोलादाचे तापमान अंशाच्या दहाव्या भागाने वाढले तरी एक अख्खा पट्टा सरकतो, आणि तो सरकताना दिसतो. प्रयोग सकाळच्या तासाला घ्यावा, पंखे बंद ठेवावेत, आणि मांडणी झाल्यावर अर्धा तास तरी ग्रॅनाइटला कोणाला हात लावू देऊ नये.